प्रगती समाधानकारक

१२ सप्टेंबर

ती. आत्या,

नमस्कार. प्रकृती विचारत नाही. विचारली की तू कंबरेच्या हाडाची साद्यंत हकिगत लिहितेस आणि मुद्द्याला जागा उरत नाही. फोन केला असता, पण कानाचं यंत्र तू कपाटात ठेवतेस हे सगळ्या घराला माहीत आहे, म्हणून पत्र.

काम आहे. तू बत्तीस वर्षं शिक्षण कार्यालयात काढलीस, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्कच्या खुर्चीत. आमच्या मास्तरसाठी शाळेत मदतनीस बाई मिळवायच्या आहेत. अर्ज कसा करतात ते सांग.

मास्तर म्हणजे तुझी नातच. घरात शिकवणारी ती एकटी, म्हणून तिच्या बाबांनी हे नाव ठेवलं. तू तिला पाहिलंस तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तुझ्या मोरीतलं पाणी पुढे कुठे जातं हे तिने तुला समजावलं होतं. आता दहाची आहे आणि सगळ्या गावाच्या पाण्याचं सांगते. भिंतीवर गटारांचा नकाशा लावलाय, तिने स्वतः काढलेला. पाहुणे आधी कौतुक करतात, मग कशाचा आहे ते विचारतात.

पाचवीत आहे. गुण सत्त्याण्णव टक्के. शाळेत एक किरकोळ प्रकार झाला, त्यावरून मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. म्हणाल्या, मुलगी फार हुशार आहे, पण डिसेंबरपर्यंत काही सोय झाली नाही तर घरीच शिकवा, परीक्षेपुरती आणा. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते, हे गाड्यांच्या कारखान्यात. घरी तिला कोण शिकवणार, भिंत? मी मास्तरला विचारलं, तुला काय हवंय. ती म्हणाली, शाळेत वाचनालय आहे, आपल्या घरी नाही. एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून दप्तर आदल्या संध्याकाळीच भरून दाराशी ठेवते, जणू कोणी अडवायच्या आत निघायचंय.

तुझी,
बेबी

१९ सप्टेंबर

चि. सौ. बेबी,

आशीर्वाद. हाड बरं आहे, बास.

किरकोळ प्रकार म्हणजे काय? बत्तीस वर्षांत 'किरकोळ' नावाचा रकाना मी पाहिला नाही. काय झालं ते लिही. लपवायचं असेल तर अर्ज करू नकोस, माझं टपालही वाया घालवू नकोस.

अर्जाचं ऐक. पांढरा कागद, एका बाजूला लिहायचं, शाळेचा शिक्का, त्याची पोच घ्यायची. पोच न घेता परत आलीस तर माझी भाची म्हणवून घेऊ नकोस. मजकुरात 'हुशार' हा शब्द एकदाही नको. हुशार म्हटलं की फाइल मिटते, हे मी तुला स्वानुभवाने सांगते. तिचा सगळ्यात वाईट दिवस आठव आणि तो लिही. तुला लिहिताना त्रास होईल. आईच्या अर्जातून मुलं नेहमी गुणीच निघतात, आणि गुणी मुलाला मदत लागत नाही.

नंतर कार्यालयातून एक तज्ज्ञ बाई घरी येतील. त्यांना मुलगी आहे तशी दिसू दे.

आत्या

२७ सप्टेंबर

ती. आत्या,

सांगते. ती चावली.

शाळेची घंटा बरोबर तिच्या वर्गाच्या दारावर आहे. वाजली की ती कान झाकून बाकाखाली जाते. दोन वर्षं जात होती, कोणाला काही अडचण नव्हती. यंदाच्या वर्गशिक्षिका नव्या, त्यांनी हाताला धरून बाहेर ओढली. मग दात लागले. बाईंनी मला मनगट दाखवलं. ठसा अगदी स्वच्छ होता, वरचे दात सरळ आले आहेत हे माझ्या तिथेच लक्षात आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी माफी मागितली. मास्तरनेही मागितली, फक्त पुढे म्हणाली, पुन्हा ओढलं तर पुन्हा होईल.

आणखी आहे. चाचणीचे गुण कळल्यावर एक मुलगी रडत होती. मास्तर तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, तू शेवटची नाहीस, खालून चौथी आहेस. तिला धीर द्यायचा होता. त्या मुलीची आई आता मला रस्त्यात ओळख देत नाही. वाढदिवसाला दोन वर्षांत एकही बोलावणं नाही. हे लिहिताना खरंच त्रास झाला.

अर्ज दिला. चार पानं. पोच सोबत जोडली आहे, भाची म्हणव. 'हुशार' नाही, पण तिसऱ्या पानावर 'तरतरीत' राहून गेलंय.

तुझी,
बेबी

४ ऑक्टोबर

चि. सौ. बेबी,

तरतरीत खोड.

आत्या

२२ ऑक्टोबर

ती. आत्या,

तज्ज्ञ बाई येऊन गेल्या. मी अजून हवेत आहे.

तारीख नऊ दिवस आधी कळली होती. मी म्हटलं, आपल्या पोरीची शोभा नको व्हायला. एका कागदावर सगळं लिहून दिलं. आलेल्या माणसाला नमस्कार करायचा. डोळ्यात बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मधे बघायचं, समोरच्याला कळत नाही. गटारं हा विषय काढायचा नाही. मैत्रिणी किती म्हणून विचारलं तर दोन सांगायच्या, नावं ही आणि ही. दुकान बंद झाल्यावर रोज तिला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवून तालीम घेतली. तुझे जावई माझी पर्स खांद्याला लावून तज्ज्ञ बाई झाले. त्यांनी असे आडवे प्रश्न विचारले की माझीच उत्तरं चुकली. मास्तरला तिसऱ्या दिवशी सगळं पाठ.

बाई चाळीस मिनिटं बसल्या. मास्तरने नमस्कार केला, भुवयांच्या मधे पाहिलं, मैत्रिणी दोन सांगितल्या. वर स्वतःहून विचारलं, तुम्ही लांबून आलात का, दमला असाल. हे मी शिकवलं नव्हतं, यांनी शिकवलं असणार. बाई जाताना मला म्हणाल्या, किती मनमिळाऊ मुलगी आहे हो. आत्या, आजवर हा शब्द तिच्याबद्दल कोणी उच्चारला नव्हता. मी दारातच उभी राहिले.

बाई गेल्यावर मास्तर आपल्या खोलीत गेली, पलंगावर पालथी पडली आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. थकली असेल.

तुझी,
बेबी

२८ ऑक्टोबर

चि. सौ. बेबी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू गंमत करतेयस.

मोडका हात घेऊन डॉक्टरकडे जायचं, आणि जायच्या आधी नऊ दिवस पोराला शिकवायचं की डॉक्टर आले की हात वर कर. वर, डॉक्टर हात छान आहे म्हणाले म्हणून हवेत तरंगायचं. हे तू केलंस. तुला अक्कल आहे असं तुझ्या बापाला शेवटपर्यंत वाटत होतं.

पलंगावर पडली ती मुलगी बाईंना दिसायला हवी होती. ती थकली असेल म्हणतेस. कशाने थकली हे अर्जाच्या पहिल्या पानावर यायला हवं होतं.

निकाल येईल तो मला शब्दन् शब्द उतरवून पाठव. स्वतःच्या भाषेत सांगू नकोस, तुझ्या भाषेवर माझा विश्वास उरलेला नाही.

आत्या

९ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या काचा मी उलटसुलट बसवल्या. तू लिहिलंस ते बरोबर आहे. मला इतकंच हवं होतं की एकदा कोणीतरी तिला बघावं आणि त्याला ती आवडावी. ते झालं आणि त्यातच सगळं गेलं.

निकाल आला. नामंजूर. पाव कागदाची छापील चिठ्ठी आहे, फक्त मास्तरचं नाव तेवढं पेनाने लिहिलंय. सांगितल्याप्रमाणे उतरवते:

"नियम कलम सात अन्वये अभ्यासात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांस सहाय्य देय आहे. पाल्याची प्रगती समाधानकारक असल्याने सहाय्याची गरज दिसून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

खाली लिहिलंय, तीस दिवसांत अपील करता येईल. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बघा, कार्यालयही तेच म्हणतंय, आमचा नाइलाज आहे, जानेवारीपासून घरी. मास्तरने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, माझी प्रगती समाधानकारक आहे तर मला काढतात का. तुला उत्तर येत असेल तर कळव.

अपिलात काय लिहू?

बेबी

२५ नोव्हेंबर

ती. आत्या,

सोळा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. तू टपालाला तीन दिवसांवर उशीर कधी केलेला नाहीस. शेजारच्या शिंपिणीला मी फोन केला, ती म्हणाली आत्या ठणठणीत आहेत, जुने गठ्ठे सोडून बसल्यात, चहालाही हाक मारू देत नाहीत.

रागावली असशील तर रागाव, पण लिहून रागाव. अपिलाची मुदत संपत आली. मी आपलं दोन पानी कसंबसं खरडून काल दिलं. सुनावणी पंधरा डिसेंबरला आहे. दप्तर अजून दाराशीच असतं.

बेबी

२८ नोव्हेंबर

चि. सौ. बेबी,

रागावले नाही. तो हक्क माझा राहिलेला नाही.

ती चिठ्ठी मी लिहिलेली आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी. तेव्हा प्रत्येक अर्जाला अख्खं उत्तर लिहावं लागायचं, टेबलावर ढीग साचले होते. मी म्हटलं, एक मजकूर छापून घेऊ, नाव तेवढं भरायचं. कागद वाचवायला पाव आकार ठरला. मूळ कलम सात असं आहे: "अभ्यासात अथवा शाळेतील वावरात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांस." पाव कागदावर ते मावेना. साहेबांनी विचारलं, वावर म्हणजे काय, आणि तो मोजायचा कसा? मला सांगता आलं नाही. जे मोजता येत नाही ते छापू नये असं मला वाटलं आणि मी ते तीन शब्द काढले. छपाई सुबक झाली. निवृत्तीच्या समारंभात त्या चिठ्ठीचं खास कौतुक झालं, की बाईंनी एका कागदात तीन टेबलांचं काम वाचवलं. मी तेव्हा मान खाली घालून हसले होते.

माझ्यानंतर कोणी कलम उघडून पाहिलेलं दिसत नाही. सगळे चिठ्ठीवरूनच काम करतात. मीही शेवटी तसंच करत होते.

हे सोळा दिवस मी जुन्या वह्या बघत होते. आकडा तुला सांगणार नाही. एक बाई आठवते. तीनदा आली. मुलगा गणितात पहिला आणि वर्गात एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. तिसऱ्यांदा ती बाकावर बसून रडायला लागली, तर मी म्हटलं, अहो मुलगा हुशार आहे, रडता कशाला. वर पाणी दिलं. मला वाटलं मी माणुसकीने वागले. मला लाज वाटते, बेबी. तुला अक्कल नाही असं मागच्या पत्रात लिहिलं, ते मी परत घेते.

सोबत मूळ कलमाच्या पानाची प्रत आहे आणि माझं सहीचं निवेदन. तीन शब्द कोणी काढले, कधी, का, सगळं त्यात आहे. हाड मला प्रवास करू देत नाही, नाहीतर मी स्वतः उभी राहिले असते. हे कागद सुनावणीत दे आणि मोठ्याने वाचायला लाव. माझं नाव गाळू नकोस.

मास्तरला बरोबर ने. आणि तिला काहीही शिकवू नकोस. नमस्कारसुद्धा नको. तिला सांग, तिला काढतायत ते तिच्यामुळे नाही, आत्याआजीने केलेल्या चुकीमुळे.

आत्या

१७ डिसेंबर

ती. आत्या,

सुनावणी झाली. क्रमाने सांगते, नाहीतर तू ओरडशील.

खोली लहान, टेबल लांब, पलीकडे तीन माणसं. मधले अध्यक्ष. त्यांच्या चष्म्याचा डावा स्क्रू सैल होता आणि चष्मा सारखा नाकावर उतरत होता. मी काही बोलले नाही. मास्तर बोलली. तुमचा चष्मा पडणार आहे, म्हणाली. मी कपाळाला हात लावणार होते, पण तुझं पत्र आठवून हात मांडीवर ठेवला.

तुझं निवेदन वाचलं गेलं. नावासकट. अध्यक्षांनी कलमाचं पान चष्म्याजवळ धरून पाहिलं आणि कोपऱ्यातल्या कारकुनाला विचारलं, तुम्ही मूळ नियम वापरत नाही? तो म्हणाला, साहेब, आम्हाला चिठ्ठीच देतात. नियम कपाटात आहे, किल्ली कोणाकडे आहे ते विचारावं लागेल.

मग त्यांनी मास्तरला विचारलं, मधल्या सुट्टीत तू काय करतेस?

ती म्हणाली, हात धुते.

मग?

हात धुते. सुट्टी पंचवीस मिनिटांची असते. शनिवारी दहा मिनिटांची, तेव्हा दहा मिनिटं धुते.

त्यांनी विचारलं, इतका वेळ का? तर ती म्हणाली, नुसतं उभं राहिलं की सगळे विचारतात इथे का उभी आहेस. पुस्तक घेऊन बसलं की बाई खेळायला पाठवतात. खेळायला गेलं की ते म्हणतात आमचे पुरे झाले. हात धुणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. मी तिसरा नळ घेते, त्याची धार बारीक आहे, पाणी कमी वाया जातं.

किती दिवस करतेस हे?

दीड वर्ष.

आत्या, तिचे हात मी रोज बघते. भेगा पडतात म्हणून मी दोनदा साबण बदलला. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून काचा घासणारी मी. तिथेच सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. मास्तर माझ्याकडे बघून अध्यक्षांना म्हणाली, आई रडतेय, पण तुम्ही प्रश्न विचारा, मला अजून उत्तरं येतायत.

तिघं पाच मिनिटं आत जाऊन आले. मंजूर. सहा जानेवारीपासून मदतनीस बाई, मधली सुट्टी आणि घंटेच्या वेळा धरून, एका वर्षासाठी. मुख्याध्यापिकांना लेखी आदेश गेलाय, मुलगी शाळेतच राहील. छापील चिठ्ठी बदलण्याबाबत मात्र कार्यालय 'यथावकाश विचार' करेल म्हणे. त्या शब्दाचा अर्थ तुला मी काय सांगू.

तुझा निरोप मी तिला दिला. तिने विचारलं, आत्याआजीने चूक सांगितली नसती तर कोणाला कळलं असतं का? मी म्हटलं, नाही. तुला स्वतः पत्र लिहीन म्हणाली. मी त्यात ढवळाढवळ करणार नाही, वाचणारही नाही. जे येईल ते सोस.

तुझी,
बेबी

२३ जानेवारी

आत्याआजी,

पत्राला नमस्काराने सुरुवात करतात. नमस्कार.

तू चूक केलीस आणि ती सांगितलीस. ते बरोबर केलंस. आई म्हणाली आत्याआजीला फार वाईट वाटतंय, तू माफ केलं असं लिही. मला तुझा राग आला नव्हता, त्यामुळे माफ काय करायचं ते मला कळलं नाही. पण केलं आहे.

मदतनीस बाई सहा तारखेला आल्या. घंटेच्या दोन मिनिटं आधी त्या मला खूण करतात आणि आम्ही मैदानाच्या टोकाला जातो. तिथे घंटा वाजते, पण लहान वाजते. मधल्या सुट्टीत आम्ही भिंतीकडेने चालतो. त्या बाजूला जमिनीत पाच लोखंडी झाकणं आहेत. मी त्यांना पहिल्या झाकणाखाली काय आहे ते सांगितलं आणि त्यांनी जो प्रश्न विचारला तो बरोबर प्रश्न होता. दुसऱ्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या दोघी आल्या. एक परत गेली. एक थांबली. तिने विचारलं झाकण उचलता येतं का. येत नाही, चाळीस किलोचं आहे. ती दुसऱ्या दिवशी पण आली. हे चांगलं चाललं आहे असं बाई म्हणतात. मला पण वाटतं.

आता काम. मी तिसऱ्या नळावर असायचे तेव्हा चौथ्या नळावर सहावीतली एक मुलगी असायची. आम्ही कधी बोललो नाही. बोलायला लागू नये म्हणूनच आम्ही तिथे जायचो. सोमवारी मी खिडकीतून पाहिलं. ती अजून तिथेच आहे, आता एकटीच असते. मी आत जाऊन विचारलं, तुला किती गुण पडतात. ब्याण्णव टक्के. म्हणजे तिला चिठ्ठी येणार.

तर एक कोरा अर्ज आणि कलम सातचं पान पाठव. अर्ज आईने भरायचा असतो, म्हणून मी शाळा सुटल्यावर फाटकाशी तिच्या आईला भेटले आणि विचारलं, तुमच्या मुलीचे हात असे का आहेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तिला ना, स्वच्छतेची फार आवड आहे.

त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. मी नीट सांगू शकणार नाही, मी काही सांगितलं की लोक चिडतात. तू मोठी आहेस आणि तुला लिहिता येतं. त्यांना पत्र लिही.

मास्तर